सातव्या डावात मी बोललो

६ जुलै, रविवार

लोरेनच्या घरी राहायला येऊन आज मला आठवडा झाला. माझं सामान म्हणजे तीन खोकी, एक टेबलदिवा आणि हत्यारांची पेटी. नदीपलीकडची भाड्याची खोली मी अजून सोडलेली नाही. ठेवायची की सोडायची, ते घरमालकाला महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. लोरेनने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं, "एमेट, जोसीने तुला आपलं म्हटलं तर आपण लग्न करू. नाही म्हटलं तर तुझा दोष नाही, पण मग नाहीच." जोसी म्हणजे तिची मुलगी, वय वर्षं दहा. सव्वीस वर्षं मी पिट्सबर्गमधल्या लिफ्ट तपासत आलो. आता माझीच तपासणी चाललीय आणि तपासनीस साडेचार फूट उंचीची आहे.

मंगळवारी पहिल्याच फटक्यात नापास झालो. जेवताना जोसी खुर्ची मागे झुकवून दोन पायांवर डोलत होती. मी म्हटलं, "जोसी, पडशील." लोरेनचा चमचा हवेतच थांबला. जोसीने खुर्ची हळूच खाली टेकवली, ताट तसंच सोडलं आणि वर निघून गेली. मी असा काय गुन्हा केला, ते मला कळेना.

मग लोरेनने मला बाहेर पायरीवर बसवून समजावलं. तिचे वडील पुलांवर काम करायचे, तिचा नवरा ड्वेन पूल रंगवायचा. अशा घरात तो शब्द तोंडातून काढत नाहीत. बोललं की तसंच होतं, असं तिचे वडील मानायचे, म्हणून सगळं घर मानायचं. दोन वर्षांपूर्वी ड्वेन पुलावरून पडून गेला. तेव्हापासून तो शब्द नाही, ड्वेनचं नाव नाही आणि त्या पुलावरून जाणंही नाही. त्यासाठी लोरेन दोन-दोन मैलांचा वळसा घालते.

मी म्हटलं, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. ती म्हणाली, "असेल. पण ती या घरात तुझ्या आधीपासून राहतेय." मी कानाला खडा लावला.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या कचेरीला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट मी पोटात ठेवलीय. ड्वेनच्या अपघाताचा चौकशी अहवाल मी वाचलाय, चव्वेचाळीस पानं. अपघातांचे अहवाल वाचणं हे माझं कामच, आणि लोरेनशी ओळख झाली त्या हिवाळ्यात हाही वाचून काढला. तिच्याकडे प्रत आली तेव्हा तिने लखोटा न फोडताच कपाटात टाकला. वाचून माणूस परत येणार आहे का, म्हणते. मग मीही विषय काढला नाही.

९ जुलै, बुधवार

पोरीचा माझ्या गाडी चालवण्यावर काडीचा विश्वास नाही. मागे बसली की आधी स्वतःचा पट्टा दोनदा ओढून बघते, मग पुढे वाकून माझा. आज मी तिला सांगितलं की माझ्या हातून आजवर गाडीवर ओरखडासुद्धा उमटलेला नाही. "बरं," म्हणाली आणि तिसऱ्यांदा ओढला.

सकाळी मी कामाला निघालो की जिन्यावरून हिचा आवाज येतो, "डबा विसरू नका." डबा माझ्या हातातच असतो. हा बाबा कधी एकदा घराबाहेर पडतोय, असं तिला झालेलं दिसतंय.

१३ जुलै, रविवार

येत्या शनिवारचा बेत ठरला. सकाळी विज्ञान संग्रहालय आणि दुपारी चारचा बेसबॉलचा सामना. दोन्ही जागा नदीच्या काठाने एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या जवळ. संग्रहालय माझ्यासाठी आणि सामना जोसीसाठी, अशी लोरेनने वाटणी केलीय. ड्वेन दर उन्हाळ्यात पोरीला सामन्याला न्यायचा. गेली दोन वर्षं कुणी नेलं नाही. यंदा मी विचारलं तर जोसी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि हो म्हणाली. ती का बघत होती कोण जाणे, पण हो म्हणाली हे खरं.

मी मूळचा उत्तरेकडचा, डलुथचा. तिकडे आम्ही बर्फावर हॉकी खेळतो. बेसबॉल म्हणजे उन्हात उभं राहून थुंकणं, एवढंच मला माहीत. तेव्हा आज जोसीने स्वयंपाकघरात माझी शिकवणी घेतली. तिच्याकडे सामना टिपून ठेवायची वही आहे. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन. फलंदाजाने चेंडू मोकळ्या जागी मारून पहिला तळ गाठला की हिट. तिघं बाद झाले की डाव संपला, आणि असे नऊ डाव. तीन तासांचा सामना ती पेन्सिलीने एका पानावर उतरवते, आणि सहा महिन्यांनी ते पान बघून कुठला चेंडू कुणी झेलला ते सांगते. मी थक्क झालो आणि तसं बोलूनही दाखवलं. मी तीन चुका केल्या. तिने तिन्ही वेळा खोडरबर माझ्याकडे सरकवला. इतका अपमान माझा खात्यातल्या साहेबानेही केलेला नाही.

२० जुलै, रविवार

कालचं आज लिहितोय. काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

सकाळ सुरेख गेली. आधी तारांगण पाहिलं. आमच्या गावाच्या डोक्यावर गेल्या रात्री जे आकाश होतं तेच त्यांनी दाखवलं, फक्त रस्त्यावरचे दिवे वगळून. सव्वीस वर्षं मी या आकाशाखाली झोपतोय आणि मला शंभराच्या वर तारे कधी दिसले नाहीत. तिथे ते मोजता येईनात. मी इतका हरखलो की शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून "बघा, बघा" म्हणालो. जोसी त्या अंधारात हसली. पहिल्यांदा. ते मी मनात जपून ठेवलं.

मग काठाला बांधून ठेवलेल्या जुन्या पाणबुडीत उतरलो. ऐंशी माणसं त्या नळकांड्यात महिनोन्‌महिने राहायची, एकाच्या उशाला दुसऱ्याचे पाय. मी शिडी हलवून पाहिली, दाराचे खिळे बघितले, सगळं पक्कं. माझ्या मागून येणारी जोसीही प्रत्येक पायरी हलवून बघत होती. मला वाटलं माझी नक्कल करतेय. मुलं करतात.

वरच्या मजल्यावर दोन प्रचंड धातूच्या ताटल्या आहेत, माणसाहून उंच. दालनाच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या, मध्ये ऐंशी फूट अंतर आणि सुट्टीतल्या पोरांचा गोंगाट. एका ताटलीत कुजबुजलं की दुसरीत ऐकू येतं, अशी रचना. लोरेन कॉफी आणायला गेली होती. मी या टोकाच्या ताटलीचे बोल्ट कुठे बसवलेत ते बघायला वाकलो, आणि माझ्या कानाशी जोसी बोलली. दचकून मागे पाहिलं तर ती तिकडे, पार त्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून ताटलीत तोंड घालून उभी होती. मी इथे आहे हे तिला माहीतच नव्हतं.

"बाबा," ती म्हणत होती, "तो शब्द मी त्यानंतर एकदाही बोललेले नाही. आईला पण काही सांगितलं नाही."

तेवढ्या कोलाहलातून तिचा श्वाससुद्धा माझ्या कानापर्यंत पोचत होता. हे मी चोरलं होतं आणि आता परत ठेवता येत नव्हतं. मी तिथून लांब गेलो आणि एका विजेच्या गोळ्यासमोर उगाच उभा राहिलो.

तो शब्द म्हणजे कोणता, हे कळायला मला वेळ लागला नाही. तिच्या वर्गातली दोन मुलं आईच्या नव्या नवऱ्याला 'बाबा' म्हणतात, लोरेनने मागे सांगितलं होतं. पोरीने वडिलांना वचन दिलं असणार की तो शब्द दुसऱ्या कुणाला लावणार नाही. वचन चांगलंच आहे. मी तिच्या जागी असतो तर मीही दिलं असतं. पण मला लागायचं ते लागलंच.

आता सामना. आमचा पिचर हॅलोरन नावाचा बावीस वर्षांचा डावखुरा पोरगा होता, कान बाहेर आलेला. तो चेंडू टाकायचा आणि समोरचा फलंदाज हवा कापून परत जायचा. पहिल्या डावात तिघं, दुसऱ्यात तिघं, तिसऱ्यात तिघं. जोसी मांडीवर वही घेऊन चौकोन भरत होती. मध्ये करमणूक म्हणून मोठाल्या करंज्यांचे पोशाख घातलेले लोक मैदानात शर्यत धावले, मी पोट धरून हसलो. पण आजूबाजूचं कुणी हसलं नाही.

चौथ्या डावापासून काहीतरी विचित्र व्हायला लागलं. लोक बोलेनासे झाले. आमच्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने सँडविच अर्धंच खाऊन मांडीवर ठेवलं, त्यातले तळलेले बटाटे गार झाले तरी हात लावेना. लोरेनला बाथरूमला जायचं होतं, ती जाईना. जोसी एक पाय दुमडून बसली होती, तो तिने तासभर हलवला नाही. तीस-पस्तीस हजार माणसं आणि हॅलोरनचा चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. देवळातसुद्धा मी अशी शांतता पाहिलेली नाही. मला भरून आलं. वाटलं, काय गुणी लोक आहेत, पोराचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून श्वास रोखून बसलेत.

फळ्याकडे पाहिलं. समोरच्या संघाच्या हिटच्या रकान्यात भलंमोठं शून्य. मी बोटांवर हिशोब केला. नऊ डावांत सत्तावीस जण, त्यातले वीस गेले होते. त्या सत्तावीसांपैकी एकालाही हिट द्यायचा नाही, असं माणसांना जन्मभर सामने बघूनही बघायला मिळत नाही, हे जोसीनेच शिकवणीत सांगितलं होतं. आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. बेसबॉलला थुंकणं म्हणणाऱ्या माझ्यासारख्याच्या. मला राहवलं नाही. सातव्या डावात, दोन बाद असताना, त्या शांततेत मी चांगला खणखणीत बोललो, "वीस जण बाद, आणि अजून एकही हिट नाही."

अख्खी रांग वळली. त्यामागची वळली. लोरेनने डोळे मिटून घेतले. पुढचा म्हातारा उभा राहून म्हणाला, "अहो, तुम्हाला घरी कुणी काही शिकवलं नाही का?" मी म्हटलं, एवढं फळ्यावरच लिहिलंय की. तो म्हणाला, "लिहिलेलं असतं. बोलायचं नसतं. बोललं की मोडतं."

हॅलोरनने पुढचा चेंडू टाकला. टक्‌ असा आवाज झाला आणि चेंडू दोन खेळाडूंच्या मधून गवतावरून निघून गेला. हिट.

लोकांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. एकाने माझ्या डोक्यावर शेंगदाण्यांची टरफलं ओतली, ते मी समजू शकतो. पण जोसी. तिने त्या चौकोनात हिटची खूण केली नाही. पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली. ओठ पांढरे पडले होते. ती चेंडूकडे बघत नव्हती, हॅलोरनकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना घालवला होता. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान रिवाजाप्रमाणे उभं राहून गातं, ते काल कुणी नीट गायलं नाही. आम्ही आठव्या डावातच निघालो. गाडीत तिने माझा पट्टा चार वेळा ओढला.

लोरेन म्हणाली, "मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण ते सांगायचंही नसतं ना." तिला हसू येत होतं की रडू, मला सांगता आलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

केवळ स्वतःच्या समाधानासाठी त्या सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन शोधून ऐकलं. अख्खं ऐकलं. निवेदक पाचव्या डावात स्पष्ट म्हणतो की अजून एकही हिट नाही. सहाव्यात दोनदा म्हणतो. हजारो लोकांनी ऐकलं असेल, आणि त्यानंतरही हॅलोरनने एकामागून एक माणसं बाद केली. हे मी लोरेनला वेळ-मिनिटांसकट कागदावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, "एमेट, तू बरोबर आहेस. आता तो कागद ठेवून दे."

२५ जुलै, शुक्रवार

जोसी माझ्याशी बोलत नाही. जेवत नाही, शाळेच्या मैत्रिणीकडे जात नाही. एकच गोष्ट वाढलीय. सकाळी मला घराबाहेर काढायची घाई. काल दोनदा "डबा विसरू नका" म्हणाली. आज तर अनवाणी गाडीपर्यंत आली, पुन्हा तेच म्हणाली, खिडकीतून हात घालून माझा पट्टा ओढला आणि मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत रस्त्यात उभी राहिली. मी खरंच गेलो की नाही याची खात्री करून घेतली.

एवढं स्पष्ट कुणी सांगितल्यावर माणसाने समजून घ्यावं. रविवारी सामान बांधतो. खोली ठेवत असल्याचं घरमालकाला सोमवारी कळवीन. लोरेनला अजून सांगितलेलं नाही. ही पोर मला आवडते, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

२७ जुलै, रविवार

सकाळी तळघरात हत्यारांची पेटी भरत होतो. जोसी जिना उतरून आली आणि कपडे धुण्याच्या यंत्रावर चढून बसली. पेटीकडे तिने पाहिलं. मी कुठे चाललोय हे विचारलं नाही. म्हणाली, "तो हिट तुमच्यामुळे गेला का?"

मी म्हटलं, नाही.

"पण तुम्ही बोललात आणि लगेच गेला."

मी तिला रेडिओचं सांगितलं. कागद खिशातच होता. पाचव्या डावात एकदा, सहाव्यात दोनदा. बोलण्याने हिट जात असता तर तेव्हाच गेला असता. चेंडू बॅटचं ऐकतो, माझं नाही. तिने कागद घेतला आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला. मला वाटलं, विषय संपला. मी पेटीतले नटबोल्टचे पाने आकाराप्रमाणे लावायला घेतले.

"मी पण बोलले होते," ती म्हणाली.

मी विचारलं, काय बोललीस.

"आमच्याकडे बाबा निघाला की 'डबा विसरू नकोस' म्हणायचं असतं. तसंच म्हणायचं, दुसरं काही नाही म्हणायचं. त्या दिवशी मी खिडकीत होते. मी म्हणाले, बाबा, पडू नकोस हं." तिचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचंच मला भय वाटलं. "तो हसला आणि गेला. आणि मग पडला. हे मी कुणालाच नाही सांगितलं."

मी खाली बसलो. हातातला पाना कुठे गेला मला आठवत नाही. दोन वर्षं. आठ वर्षांची असल्यापासून ही पोर हे एकटीने वाहत होती. आणि मी वेडा, मला वाटलं मला घालवतेय. बोललं की घडतं हे तिने सामन्यात पुन्हा पाहिलं, म्हणून ती आठवडाभर माझ्यासाठी घाबरत होती.

मला सांत्वन करता येत नाही. मला एकच येतं, ते केलं. म्हटलं, "जोसी, मी तो अहवाल वाचलाय. काय झालं होतं ते मला माहीत आहे. सांगू?" घरातला नियम मोडत होतो हे ठाऊक होतं. तिने मान हलवली.

मग मी सांगितलं, जसं कामावर सांगतो तसं, एकेक करून. तिच्या बाबाच्या अंगावर सुरक्षेचा पट्टा होता. पट्ट्याचा हूक त्याने लावला होता, नीट लावला होता, सापडला तेव्हाही तो कडीत अडकलेलाच होता. तुटली ती कडी. पुलाच्या तुळईला ती जोडलेली होती आणि जोडाच्या आत भेग होती. वरून रंगाचे थर चढलेले, त्यामुळे भेग कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. ती भेग किती जुनी होती ते प्रयोगशाळेत आतला गंज तपासून काढलं.

"किती जुनी?" तिने विचारलं.

"पंधरा वर्षं. निदान पंधरा."

तिने बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून. "मी तेव्हा आठ वर्षांची होते," ती म्हणाली.

"हो. ती भेग पडली तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस."

ती रडली. मी आजवर कुणाला असं रडताना पाहिलेलं नाही, आणि मी तिच्यापासून दोन हातांवर बसून होतो, कारण जवळ जावं की नाही हे मला समजेना. तीच यंत्रावरून उतरली आणि माझ्या खांद्यावर डोकं घासू लागली.

जिन्यावर काहीतरी आपटलं. लोरेन मधल्या पायरीवर बसली होती, कपड्यांची टोपली खाली घरंगळत गेली होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. मी म्हटलं, लोरेन, मी नियम मोडला. तिने ते ऐकलंच नाही.

"हूक लावला होता?" तिने विचारलं.

"लावला होता."

"तो विसराळू होता," ती म्हणाली. "चाव्या विसरायचा, गॅस विसरायचा. मला वाटलं, हूक विसरला असणार. म्हणून मी तो लखोटा उघडला नाही. दोन वर्षं मी त्याच्यावर चिडून आहे, एमेट. रोज."

दुपारी लखोटा फोडला. चव्वेचाळीस पानं आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. जोसी अडलेला प्रत्येक शब्द विचारत होती आणि मी कागदावर चित्र काढून दाखवत होतो, तुळई अशी, कडी अशी, हूक असा. लोरेनने हुकाचा परिच्छेद मोठ्याने दोनदा वाचला. नंतर तीन वेळा जेवण गरम केलं आणि तिन्ही वेळा गार होऊ दिलं, कारण ती ड्वेनबद्दल बोलायला लागली ती थांबेना. मला आज कळलं की तो फार बेसूर गायचा आणि पुलावर चढून गायचा, कारण घरात त्याला कुणी गाऊ द्यायचं नाही.

३० जुलै, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा काढली. कडी कुठे होती ते जोसीला बघायचं होतं. लोरेन म्हणाली, मीही येते. वळसा न घालता सरळ गेलो. पुलाचा पिवळा रंग दिसायला लागला तसा लोरेनने माझा गुडघा घट्ट धरला.

पुलाखाली काठावर उतरून आम्ही वर पाहिलं. मी असले पोलादी सांगाडे आयुष्यभर बघत आलोय, तरी माझी मान वर वर जात राहिली. नदीच्या या तीरापासून त्या तीरापर्यंत एकच कमान, आणि तिच्या माथ्यावर ढग चाललेले. मी अहवालातला नकाशा काढून दाखवला, ती तिसरी तुळई, कमान वळते तिथली. तिथे आता नवी कडी आहे. जोसी डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं, आणायला नको होतं.

"तिथपर्यंत?" ती म्हणाली. "तो रोज तिथपर्यंत चढायचा?"

"रोज," लोरेन म्हणाली. "कधी कधी त्याच्याही वर."

"आणि तिथे गायचा?"

"तिथेच गायचा."

जोसीचं तोंड उघडंच राहिलं. तारांगणात तिचा चेहरा मी पाहिला होता, पण तो असा नव्हता. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तू चढशील?"

मी खरं तेच सांगितलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला सांग, कधीही उतरतो. पण उंचावर उघड्यावर उभं राहायचं म्हटलं की मला घेरी येते.

तिला आधी विश्वास बसेना. मग ती हसायला लागली, लोरेनही हसायला लागली, दोघी एकमेकींना धरून हसल्या, आणि जोसीने दोन्ही हात तोंडाभोवती धरून त्या तिसऱ्या तुळईकडे बघत जिवाच्या आकांताने हाक मारली, "बाबा, ऐकलंस का? हा उंचीला घाबरतो! आणि हा आपल्याकडे राहतो!"

वरून गाड्या जात होत्या. संध्याकाळी घरमालकाला फोन करून सांगितलं, खोली दुसऱ्या कुणाला द्या.